कोकणची कोयती

वासिष्ठी नदी सह्याद्री उतरून, चिपळूणाजवळून वळसे घेत जेथें समुद्राला मिळते, तेथें उत्तर तीरावर दाभोळ आणि दक्षिण तीरावर अंजनवेल अशीं दोन जुनीं गांवें समोरासमोर उभीं आहेत. अंजनवेलच्या टेकडीवर गोपाळगड आहे. या खाडींतून व्यापार चिपळूणपर्यंत जाई आणि तेथून कुंभार्ली घाटानें देशावर चढे. म्हणून खाडीचें तोंड ज्याच्या हातीं, जकात त्याच्या हातीं, असा सरळ हिशेब होता. त्या हिशेबापायीं येथें पुष्कळ वेळां तलवारी उपसल्या गेल्या. १५०८ सालाच्या अखेरीस पोर्तुगीजांच्या अल्मेदानें दाभोळ जाळलें. १६६० सालीं हा मुलूख शिवाजी महाराजांनीं घेतला. सतरावें शतक संपतां संपतां अंजनवेल जंजिऱ्याच्या सिद्दीकडे गेलें. अंजनवेल व गोवळकोट सांभाळणाऱ्या सिद्दी सातानें १७२७ त परशुरामाचें देवस्थान लुटलें, आणि तो १७३६ त चिमाजी अप्पांशीं झालेल्या लढाईंत पडला. १७४५ च्या सुमारास तुळाजी आंग्र्यांनीं किल्ला घेऊन त्यास गोपाळगड हें नांव दिलें. दहा-अकरा वर्षांत तो पेशव्यांकडे आला, आणि १८१८ सालीं इंग्रजांनीं तो घेतला.

ज्या हत्यारांनीं हा इतिहास घडविला, त्यांपैकीं एकही आज अंजनवेलास कोणाच्या कमरेला नाहीं. कांहीं पदार्थसंग्रहालयांत गेलीं, कांहीं देवघरांत दसऱ्याच्या पूजेपुरतीं उरलीं, बाकीचीं मोडींत निघालीं. किल्ल्याच्या तटाच्या आंत आंब्याची बाग उभी राहिली. ज्या दरवाजांतून ढाल-तलवारवाले जात-येत, त्याच दरवाजांतून माणूस आंत जातो तो कमरेमागें कोयती अडकवून. ती त्या काळींही होती. शिबंदीचें जळण तिनेंच तोडलें असेल, तळावरच्या झोंपड्यांचे वांसे तिनेंच साळले असतील. पण लढाया लिहिणाऱ्यांना तिची दखल घेण्याचें कारण नव्हतें.

वास्तविक, एकाच पात्यावर माणसाचा रानावनांत, पावसापाण्यांत निभाव लागावा अशी वस्तु शोधण्यासाठीं जगांत मोठा खटाटोप झाला आहे. त्या खटाटोपाकडे वळण्यापूर्वीं कोकणांतील लोहारानें हा प्रश्न कसा सोडविला तें पाहणें मनोरंजक आहे. कारण त्यानें तो सोडविला हें त्याच्या स्वतःच्याही ध्यानीं आलें नसावें.

कोयती आणि कोयता यांत भेद मुख्यतः आकाराचा. कोयता मोठा व जड. कोयती त्याची आटोपशीर बहीण. तिचें पातें वीत-दीड वीत लांब असतें, मुठीकडे अरुंद आणि पुढें रुंद होत जातें, आणि टोकाशीं आंतल्या बाजूस वळतें. धार असते ती या वळणाच्या आंतल्या अंगाला. तलवारीची धार बाहेरच्या अंगाला असते, कारण तलवारीला अंगावरून सरकत जाऊन चिरावयाचें असतें. कोयतीचें काम उलट आहे. डहाळीवर घाव बसला म्हणजे डहाळी निसटूं पाहते. आंत वळलेली धार तिला कवेंत घेते आणि निसटूं देत नाहीं. करवंदीच्या किंवा बोरीच्या जाळींत हात घालण्याची सोय नसते. तेथें कोयतीच्या टोकानें फांदी ओढून जवळ घ्यावयाची आणि त्याच हिसक्यासरशी तोडावयाची. म्हणजे आंकडी आणि पातें हीं दोन साधनें एका वळणांत सामावलीं आहेत.

दुसरी गोष्ट वजनाची. पातें पुढें रुंद असल्यामुळें त्याचा भार टोकाकडे आहे. मनगट थोडें फिरविलें कीं उरलेलें काम तें वजनच करतें, आणि दिवसभर तोडणाऱ्याचा खांदा वांचतो. पाठ चांगली जाड ठेवलेली असते; त्यामुळें बांबू चिरतांना कोयती त्याच्या तोंडावर ठेवून पाठीवर लांकडाचा ठोकळा हाणला तरी पातें वांकत नाहीं. याच पाठीनें खुंटी ठोकतां येते. मुठीकडचा धारेचा भाग अरुंद व हाताच्या जवळ असल्यानें तेथें बारीक काम होतें: काठी साळणें, पाचर करणें, सुपारीच्या विरीचा तुकडा कापणें. एकाच धारेचे असे दोन स्वभाव आहेत. पुढचा भाग कुऱ्हाडीचा, मागचा सुरीचा.

आणि तिसरी, बहुधा सर्वांत शहाणपणाची गोष्ट कोयतींत नाहींच. ती आंकडींत आहे. कमरेला दोरी, दोरीला पाठीमागें लांकडाची एक खांचेची आंकडी, आणि त्या खांचेंत कोयती सोडून दिलेली. म्यान नाहीं, बंद नाहीं, कातडें नाहीं. कोकणच्या पावसांत कातड्याचें म्यान कुजेल आणि त्यांत साचलेल्या ओलीनें पातें गंजेल. आंकडींतली कोयती उघड्या वाऱ्यावर वाळते. माडावर किंवा आंब्यावर चढतांना दोन्ही हात मोकळे राहतात. हात मागें नेला कीं मूठ आपोआप हातांत येते, पाहावें लागत नाहीं. हत्यार कितीही उत्तम असो, तें घरीं राहिलें तर त्याचा उपयोग काय? कोयती घरीं राहत नाहीं, याचें श्रेय आंकडीला आहे.

हीच युक्ति इतरत्रही लोकांस सुचली आहे. कोडगूंतील लोक आपली रुंद, वांकडी ओडिकत्ती पाठीमागें तोडंग नांवाच्या धातूच्या आंकड्यांत अडकवितात, आणि इटलींतील लांकूडतोडे आपला वांकडा कोयता तसाच कमरेमागच्या आंकड्याला लावीत. यांत कोणी कोणाचें पाहून केलें असें मानण्याची गरज नाहीं. डोंगर, झाडी आणि दोन्ही हातांनीं चढण्याचें काम जेथें असेल, तेथें माणसाची बुद्धि बहुधा त्याच खुंटीवर येऊन टेकते.

कोयतीचें वर्ष पावसाच्या आधींच सुरू होतें. भाताचें रोप ज्या तुकड्यांत करावयाचें तो भाजावा लागतो. त्यास राब म्हणतात. त्यासाठीं उन्हाळ्याच्या सुरवातीस ऐन, किंजळ अशा झाडांच्या डहाळ्या तोडून कवळ जमवितात, त्याचे भारे वाळत ठेवतात, आणि मग शेण, पाचोळा व गवत यांसह तो जमिनीवर पसरून पेटवितात. झाड मारावयाचें नाहीं, त्याच्या फांद्याच तेवढ्या घ्यावयाच्या. पुढच्या वर्षीं त्याच झाडानें पुन्हां कवळ दिला पाहिजे. म्हणून येथें कुऱ्हाड चालत नाहीं. झाडावर चढून, एका हातानें धरून, दुसऱ्यानें नेमक्या जागीं घाव घालणारें हत्यार हवें. कोकणांतील भातशेतीचा आरंभ अशा रीतीनें नांगराच्या फाळापाशीं होत नाहीं, कोयतीच्या टोकापाशीं होतो. कोकणभूमीच्या उत्पत्तीची कथा परशुरामाची. केरळांत सांगतात कीं त्यानें परशु फेकला आणि समुद्र हटला, कोकणांत सांगतात कीं त्यानें बाण मारला. भूमि कशीही निघालेली असो, तिच्यांत भात पिकविण्यासाठीं जें पातें लागलें तें परशूपेक्षां पुष्कळच लहान होतें.

पुढें वई घालणें, मांडवाचे खांब तासणें, बांबूच्या कांबी काढणें, माडाचीं झावळें उतरविणें, शहाळें फोडणें, ओढ्यांत वाहून आलेलें झाड वाटेंतून दूर करणें, गोठ्यांतल्या सापाला हुसकणें, हीं कामें क्रमानें सांगण्यांत अर्थ नाहीं. तीं क्रमानें येतही नाहींत. आणि तीं अशीं अवचित येतात म्हणूनच एक हत्यार सतत जवळ असावें लागतें.

कोयतीची स्तुति करतांना तिच्या मर्यादा विसरूं नयेत. भात कापावयाला विळाच हवा. कोयतीनें कापूं गेल्यास दाणे झडतील. मोठा वृक्ष पाडणें हें कुऱ्हाडीचें काम. माडी काढणाऱ्या भंडाऱ्याचें आऊत तर अगदींच निराळें: रुंद, पातळ, आणि इतकें तीक्ष्ण कीं पोईचा कागदासारखा पापुद्रा निघावा. त्या आउतानें कोणी बांबू चिरूं लागला तर त्याची धार एका दिवसांत जाईल. बहुगुणी हत्याराचा स्वभावच हा आहे कीं प्रत्येक कामांत त्याचा दुसरा नंबर लागतो. परंतु पहिल्या नंबराचीं सर्व हत्यारें पाठीवर घेऊन रानांत जातां येत नाहीं.

घरांतही असेंच एक बहुगुणी पातें आहे, आणि तें इतकें परिचयाचें कीं तें नजरेंत भरत नाहीं. विळी ही वस्तुतः उभी केलेली सुरी. येथें पातें स्थिर राहतें आणि वस्तु फिरते. पाट मांडीखालीं दाबला कीं दोन्ही हात कामाला मोकळे. भाजी, मासळी, आंबा, सर्व तिच्यावर होतें, आणि टोकाला दातेरी खवणी असल्यामुळें नारळही तेथेंच खवला जातो. कमरेमागच्या आंकडीनें जें साधलें तेंच पाटानें साधलें: हात मोकळे झाले.

आतां हें पातें घडविणाऱ्याकडे वळलें पाहिजे. कोयतीचें खरें मर्म तिच्या पाण्यांत आहे. पूर्वीं पातें मऊ लोखंडाचें करून धारेला पोलादाची पट्टी भट्टींत जोडीत. पोलाद महाग होतें, तें धारेपुरतेंच वापरीत. मग पातें लाल करून पाण्यांत बुडवावयाचें. एवढ्यावर सोडलें तर धार कांचेसारखी कडक होते आणि ऐनाच्या गांठीवर पहिल्याच घावाला तिचा तुकडा उडतो. म्हणून तें पुन्हां थोडें तापवून, पृष्ठावर चढत जाणारा पिवळा, मग तांबूस, मग निळसर रंग पाहून योग्य क्षणीं थांबावयाचें. तो क्षण ओळखणें ही लोहाराची सारी विद्या. सुरीचें पाणी कोयतीला चालत नाहीं: कोयतीची धार थोडी मऊच लागते, म्हणजे ती तुटत नाहीं, फार तर मुरडते, आणि ओढ्याकांठच्या दगडावर घासून पुन्हां पाजळतां येते. रानांत ज्याला धार लावतां येत नाहीं तें पातें निरुपयोगी. ही गोष्ट आजचे पुष्कळ कारखानदार विसरतात.

लोखंड कोठून येई? सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वराच्या पठारावर, धावड लोक जांभ्याच्या थरांतील लोहखनिज कोळशाच्या भट्टींत गाळीत असत. एकोणिसाव्या शतकांत विलायती लोखंड स्वस्त होऊन बंदरांत उतरूं लागलें, आणि इकडे जंगलावर निर्बंध आल्यानें कोळसा मिळेनासा झाला. या दोहोंच्या मध्यें सांपडून धावडांच्या भट्ट्या विझल्या. कोकणांतील लोहाराचा भाता मात्र बंद पडला नाहीं. त्याला लोखंड कोणाचें याच्याशीं कर्तव्य नव्हतें. पुढें मोटारी आल्या, आणि लॉरीच्या जुन्या स्प्रिंगचे पाटे तो विकत घेऊं लागला. त्या पाट्यांचें पोलाद चिवट असतें, पाणी चांगलें धरतें. त्यामुळें धारेला निराळी पट्टी जोडण्याचें कारण उरलें नाहीं. घाटाचा रस्ता झिजविणारी गाडी मोडींत निघून शेवटीं राबाचा कवळ तोडूं लागते, हा लोखंडाचा प्रवास धावडांच्या भट्टीइतकाच जाणून घेण्यासारखा आहे.

बाहेरच्या जगांत हाच प्रश्न दोन तऱ्हांनीं सोडविला गेला. एक तऱ्हा नेपाळच्या खुकरीची. पातें एकच, पुढें जड, धार आंतल्या वळणावर; म्हणजे कोयतीच्याच कुळांतलें. मात्र तिच्या म्यानांत दोन लहान सोबती असतात: बारीक कामासाठीं कर्द, आणि धार नीट करण्यास व गारगोटीवर ठिणगी पाडण्यास चकमक. १८१४ ते १८१६ च्या नेपाळ युद्धांत इंग्रजांनीं खुकरी पाहिली आणि तिची कीर्ति जगभर पसरली. ती कीर्ति लढाईची. पण खुकरीचा बराचसा दिवस लांकूड फोडण्यांत आणि रान साफ करण्यांतच जातो.

दुसरी तऱ्हा स्विस सैनिकाच्या चाकूची. १८८९ च्या नव्या बंदुकीचे स्क्रू फिरवावयाचे आणि डब्यांतलें अन्न उघडावयाचें, अशा दोन गरजा एकदम उत्पन्न झाल्या. तेव्हां पातें, टोचा, डबा उघडण्याचें साधन आणि स्क्रू फिरविण्याचें साधन एका मुठींत घडी करून बसविलेला चाकू निघाला. १८९१ त त्याचा पहिला पुरवठा जर्मनींतील सोलिंगेनहून झाला. मग कार्ल एल्सनर या स्विस कारागिरानें तो धंदा आपल्या देशांत आणला आणि १८९७ त अधिकाऱ्यांसाठीं अधिक नाजुक चाकू काढला. ही वस्तु चतुर आहे यांत शंका नाहीं. पण तिच्यांत अनेक साधनें शेजारीं शेजारीं राहतात. कोयतींत अनेक कामें एकाच पात्यांत मुरलेलीं आहेत. पहिलीला बिजागऱ्या लागतात, आणि बिजागरींत वाळू गेली कीं तिचें चातुर्य थांबतें.

यानंतर जी तिसरी तऱ्हा निघाली ती थोडी हास्यास्पद आहे. १९८२ सालीं 'फर्स्ट ब्लड' नांवाचा अमेरिकन चित्रपट आला. त्यांतील नायकाच्या हातांत पाठीवर करवतीचे दांते असलेला, पोकळ मुठीचा मोठा चाकू होता. मुठीच्या पोकळींत आगकाड्या व सुई-दोरा, टोपणांत होकायंत्र. त्याच्या नकला जगभर विकल्या गेल्या. परंतु मूठ पोकळ केली म्हणजे पात्याची दांडी मुठींत खोलवर शिरूं शकत नाहीं, आणि सर्व जोर ज्या सांध्यावर येतो तोच सांधा कच्चा राहतो. स्वस्त नकला पहिल्या लांकडावरच मोडल्या तर नवल नाहीं. कोयतीची निमुळती दांडी मुठींत खोल ठोकलेली असते आणि मुठीच्या तोंडाशीं लोखंडी कडें बसविलेलें असतें, कीं लांकूड फुटूं नये. सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी ती उरीं घालीत नाहीं. होकायंत्र बसविलें म्हणून मोडका चाकू रानांत उपयोगी पडत नाहीं.

कोयतीच्या इतिहासांतला सर्वांत गंभीर भाग सरकारशीं आलेल्या तिच्या संबंधाचा आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आंबा व फणस यांच्या झाडांस मालकाच्या संमतीशिवाय हात लावूं नये अशी ताकीद आहे, आणि किल्ल्याभोंवतालची झाडी हें किल्ल्याचें रक्षण समजून राखावी असेंही सांगितलें आहे. म्हणजे कोयतीनें काय तोडावें याइतकाच, काय तोडूं नये हाही राज्यकारभाराचा प्रश्न होता. इंग्रजी अमलांत तो तीव्र झाला. ठाणें आणि कुलाबा जिल्ह्यांत जंगल खात्याच्या निर्बंधांमुळें राबासाठीं कवळ तोडणेंच कठीण होऊन बसलें, आणि लोकांच्या तक्रारींवरून मुंबई सरकारला १८८५ ते १८८७ या काळांत कमिशन नेमून चौकशी करावी लागली. कोणत्या झाडाला कोणी कोयती लावावी हा त्या चौकशींतला एक मुख्य वाद. शेतकऱ्याच्या दृष्टीनें तो भाताचाच वाद होता. कवळ नाहीं तर राब नाहीं, राब नाहीं तर रोप नाहीं.

हत्यारांच्या कायद्याची गोष्ट निराळी. १८५७ च्या उठावानंतर लोकांस निःशस्त्र करण्याचें जें धोरण सुरू झालें त्याला १८७८ च्या कायद्यानें पक्कें रूप आलें. बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, धनुष्यबाण हीं सारीं त्यांत हत्यारें म्हणून मोजलीं गेलीं. कोयती राहिली. तिला मोजणें शक्यही नव्हतें. ती काढून घेतली असती तर त्या वर्षीं भाताचें रोपच झालें नसतें आणि सारा कशावर घ्यावयाचा हा प्रश्न सरकारपुढें उभा राहिला असता. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्यानें हा भेद शब्दांत मांडला: केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठीं बनविलेल्या वस्तु हत्यारांत धरावयाच्या नाहींत. १९६२ च्या नियमांनीं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे सुरे परवान्याच्या कक्षेंत घातले, आणि शेतीच्या व घरगुती पात्यांस पुन्हां वगळलें. पुष्कळ कोयत्या दोन इंचांहून रुंद असतात. त्यांना वांचवितो तो त्यांचा उद्देश.

पण उद्देश पात्यावर कोरलेला नसतो. २०२२-२३ च्या सुमारास पुण्यांत तरुणांच्या टोळ्यांनीं रस्त्यावर कोयते नाचवून लोकांस भेडसाविलें, वृत्तपत्रांत 'कोयता गँग' हा शब्द रूढ झाला, आणि कोयते विकणाऱ्यांनीं घेणाऱ्याची नोंद ठेवावी असें पोलिसांस सांगावें लागलें. ज्यांनीं हा शब्द प्रथम वर्तमानपत्रांत वाचला त्यांस कोयता म्हणजे गुंडाचें हत्यार असेंच वाटणार. याच महाराष्ट्रांत, बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला निघालेल्या नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाच्या वहींत उचल त्या कोयत्याच्या नांवें लिहिली जाते, आणि त्यांपैकीं एकटा आला तर तो अर्धा कोयता. एकाच शब्दानें एके ठिकाणीं दहशत मोजली जाते, दुसरीकडे माणसांची मजुरी.

अंजनवेलाजवळच्या धोपाव्याहून दाभोळास फेरीबोट जाते. आंबे उतरविण्याच्या दिवसांत कमरेमागें आंकडी आणि आंकडींत कोयती घेतलेला गडी तिच्यांत चढला, तर शेजारचा माणूस फक्त थोडा सरकून बसतो, पातें गुडघ्याला लागूं नये म्हणून. तोच गडी तशाच कमरेनें रात्रीं पुण्याच्या बसस्थानकावर उतरला, तर त्याला पोलीसचौकींत बसवून ही कोयती कशासाठीं असें विचारतील. आणि त्या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं त्याला कवळापासून सुरवात करावी लागेल.